गेम लावला की पीसी बंद: दुखणं एक, कारणं दोन

"मामाजी, गेम लावला का पंधरा-वीस मिन्टात बंद पडते. बाकी दिवसभर काईच होत नाही त्याले."

भाच्याचा हा फोन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला. त्याआधी मार्चमध्ये तो पीसी दोनदा दुकानात जाऊन आला होता. पहिल्यांदा विंडोज नव्याने टाकून मिळाली, दुसऱ्यांदा रॅम खोडरबरने घासून मिळाली. दोन्ही वेळा घरी आणल्यावर चार दिवस बरा चालला आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, साध्या डेस्कटॉपची उघडझाप रोजचीच. पण गेमिंगच्या पीसीला कधी हात लावला नव्हता. सगळं मिळून पाच आठवडे गेले. कोणाच्या घरी असंच चालू असेल तर त्याचे निम्मे तरी वाचावेत म्हणून लिहितोय, माझ्या चुकांसकट.

मशीन असं: रायझन ५ ३६००, १६ जीबी रॅम, जुनं घेतलेलं जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, आणि ४५० वॅटचा एक पॉवर सप्लाय (लाईनची वीज आतल्या भागांना पुरवणारी पेटी), ज्याच्या कंपनीचं नाव मी तरी पहिल्यांदाच वाचत होतो. गाव राळेगाव तालुक्यातलं. ताईचं घर गावाच्या अगदी शेवटाला, डीपीपासून, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरपासून, सगळ्यात लांबच्या खांबावर. घराचा हा पत्ता आत्ता फालतू वाटेल, पण अर्धं उत्तर त्यातच होतं.

मी पहिली चूक फोनवरच केली. "बंद पडते" ऐकलं आणि "गरम होत असेल" म्हणून मोकळा झालो. खरं तर तेव्हाच विचारायला पाहिजे होतं की बंद पडतो म्हणजे नेमका कसा पडतो. बंद पडण्याच्या चार-पाच तऱ्हा आहेत आणि प्रत्येकीचं मूळ वेगळं. नुसता गेम मिटून डेस्कटॉप दिसला तर लाईन आणि पॉवर सप्लाय सहसा निर्दोष असतात. आधी गेमच्या फाइल्स तपासा, ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा टाका. निळा स्क्रीन आला तर त्यावरचा कोड लिहून घ्या, रॅम तपासा, बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या, मशीनच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सोय, चालू असेल तर दोन दिवस बंद करून बघा. स्क्रीन काळा झाला पण आवाज सुरूच आहे आणि कार्डाचे पंखे एकदम फुल्ल सुटले, तर संशय कार्डावर किंवा त्याच्या वायरवर. डबा, म्हणजे अख्खा पीसीच, क्षणात मरून लगेच आपोआप उठला तर लाईन किंवा पॉवर सप्लाय. आणि मेला तो मेलाच, पाच-दहा मिनिटं बटण दाबूनही हलत नसेल, तर कुठेतरी काहीतरी तापून किंवा ओझ्याने, स्वतःला वाचवायला बंद झालंय.

भाच्याचा या शेवटच्या प्रकारातला होता. पण तो हे फोनवर सांगू शकला नाही आणि मी विचारलं नाही.

रविवारी गेलो. सगळ्यात आधी विंडोजमधलं आपोआप रीस्टार्ट होणं बंद केलं. स्टार्टमध्ये 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधायचं, तिथे 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्जमध्ये जायचं आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढायची. ती खूण असली की निळा स्क्रीन डोळ्यांपुढून निघून जातो आणि आपल्याला वाटतं लाईनच गेली. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' च्या लाल खुणांची रांग लागलेली. ही ४१ बघून लोक लगेच पॉवर सप्लाय बदलायला धावतात. तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद न होता थांबलं. का थांबलं ते ती सांगत नाही. तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' बघा. तिथे शून्य असेल तर विंडोजला काही नोंदवायलाही वेळ मिळाला नाही. आमच्याकडे झाडून सगळीकडे शून्य. म्हणजे ड्रायव्हर, विंडोज, फॉरमॅट ही सगळी वाट चुकलेली. रॅम विंडोजच्याच मेमरी टेस्टने एकदा तपासली, काही निघालं नाही.

मग एचडब्ल्यूइन्फो टाकलं. फुकटचं आहे, सगळ्या सेन्सरांचे आकडे दाखवतं आणि फाइलमध्ये लिहून ठेवतं. नुसतं बघत बसू नका, लिहायला लावा, कारण मरायच्या आधीची शेवटची ओळच आपल्याला पाहिजे असते. गेम लावला, अठराव्या मिनिटाला डबा गेला. दहा मिनिटांनी उठला तेव्हा फाइल बघितली. शेवटच्या ओळीत प्रोसेसर ८४, कार्ड ७९.

इथे मी चक्रावलो. या प्रोसेसरची हद्द ९५ अंश, आणि हद्दीला पोचला तरी तो आधी वेग कमी करतो, गेम अडखळायला लागतो, मग पुढचं. ८४ ला मरायचं काही कारण नाही. कार्डही ठीक. मग तापतंय कोण?

ज्याला सेन्सर नाही तो. साध्या पॉवर सप्लायचं तापमान कुठल्याच सॉफ्टवेअरला दिसत नाही.

आता खोलीबद्दल सांगायला पाहिजे. भाऊजींनी या वर्षी कापूस विकला नव्हता, भाव वाढेल म्हणून थांबले होते. मागच्या खोलीत छातीभर उंच गंजी, आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीवर, पोट्ट्याचा पीसी. ज्यांच्या घरी उन्हाळ्यापर्यंत कापूस राहतो त्यांना माहीत आहे की नंतर त्या खोलीत गेलं तरी अंगाला खाज सुटते. तंतू हवेत असतात, दिसत नाहीत. आणि पीसीचा पंखा दिवसभर तीच हवा ओढतो.

डबा आडवा केला. यात पॉवर सप्लाय तळाला असतो आणि त्याचा पंखा खालून, जाळीतून हवा घेतो. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर राखाडी रंगाचा एक अखंड थर बसला होता, जाड, दाबलेला, गादीत भरल्यासारखा. नखाने कोपरा सुटा केला तर पूर्ण चौकोन एका तुकड्यात हातात आला. ताईच्या सासूबाईंनी तो दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "याच्या तं वाती होतील बापा."

दुकानातून आणल्यावर चार दिवस का चालायचा तेही तेव्हाच कळलं. दुकानात तो टेबलावर, मोकळ्या हवेत. नेता-आणताना धक्क्यांनी थराला भेगा पडत. घरी जमिनीवर ठेवला की त्या पुन्हा बुजत.

साफसफाईत लोक ज्या चुका करतात त्या मीही केल्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने हवा मारू नका. टाकीत पाणी साचलेलं असतं आणि हवेसोबत ते फवाऱ्यासारखं येतं. मोबाइलवाल्यांकडे छोटा ब्लोअर असतो, तो एक दिवसासाठी मागून आणा आणि सोबत रंगाचा कोरडा ब्रश ठेवा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा भन्नाट फिरला तर त्याच्या बेअरिंगची वाट लागते. पॉवर सप्लाय उघडू नका. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरांत, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांत, जीवघेणी वीज राहते. त्याला बाहेरूनच, जाळीतून, उलट्या बाजूने हवा मारायची. कार्डाच्या फिनांमध्ये (थंड करणाऱ्या पातळ पट्ट्यांमध्ये) कापसाचा तंतू धुळीसारखा उडून जात नाही, गुंततो. तो चिमट्याने ओढून काढावा लागतो. माझे त्यातच दोन तास गेले.

जाताजाता प्रोसेसर आणि त्याच्यावरच्या कूलरच्या मधली, उष्णता पुढे नेणारी पेस्टही बदलावी म्हटलं. इथे मी मार खाल्ला. जुनी पेस्ट वाळून डिंकासारखी झाली होती. स्क्रू काढून कूलर सरळ वर ओढला आणि प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्यासोबत वर आला. या जातीच्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात, दोन वाकल्या. पेन-पेन्सिलीची रिकामी नळी एकेका पिनेवर चढवून, श्वास रोखून सरळ केल्या. भाचा तोवर बाहेर अंगणात जाऊन बसला होता, त्याला बघवेना. तुम्ही असं करा: आधी पंधरा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर गरम होऊ द्या, मग बंद करून, प्लग काढून, कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळत सैल करा आणि मगच उचला. नवी पेस्ट हरभऱ्याच्या दाण्याएवढी पुरते.

पीसी कापसाच्या खोलीतून समोरच्या खोलीत हलवला, जमिनीवरून लाकडी पाटावर. खरं तर हे पहिल्याच दिवशी व्हायला पाहिजे होतं, आणि तापमानासाठी नाही. चारही बाजूंनी कापूस आणि मधे तापलेला पॉवर सप्लाय. एक ठिणगी उडाली असती तर भावाची वाट बघायचं कामच उरलं नसतं. भाऊजींना हे म्हटलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

बारा दिवस मस्त चालला. तेराव्या दिवशी फोन. "मामाजी, पुन्हा तसंच झालं ना!"

"तसंच म्हणजे कसं रे? बंदच राहिला का उठला?"

"नाही, लगेच उठला."

म्हणजे तसंच नव्हतं. या वेळी शहाणा झालो होतो. त्याला म्हटलं, एक रफ वही घे. डबा गेला की वाजले किती, गेम किती वेळ चालू होता, परत आपोआप उठला का, पंखे-दिवे कमी झाले का, आणि घरात त्या वेळी काय काय चालू होतं, ते लिही. पाच दिवसांत वही भरायला लागली. "६.५० ट्टक, लगेच सुरू." "७.१० ट्टक, लगेच सुरू." "७.४० ट्टक." सकाळी आणि दुपारी एकही नोंद नाही. सुट्टीच्या दिवशी तो सलग चार तास खेळला, ऊन चाळिशीपार, काही झालं नाही. संध्याकाळ झाली की सुरू. आणि ते 'ट्टक' पीसीचं नव्हतंच. तो आवाज इन्व्हर्टरच्या रिलेचा, म्हणजे लाईन-बॅटरी बदलणाऱ्या आतल्या स्विचचा, होता. पोट्ट्याने बरोबर ऐकलं होतं, त्याला फक्त त्याचा अर्थ माहीत नव्हता.

पुढच्या खेपेला एक प्लगमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर घेऊन गेलो. दोन-तीनशे रुपयांत मिळतो. दुपारी तीनला २२६ दाखवत होता. सहानंतर घरोघरी कूलर सुरू झाले तसा आकडा उतरायला लागला: २०५, १९२, सातला १७८. घर शेवटच्या खांबावर, सगळ्या गावाचं ओझं आधी आणि उरलेलं आमच्या वाट्याला. मग पलीकडच्या गल्लीतली पिठाची चक्की सुरू झाली. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या ओढीच्या पाच-सहा पट करंट क्षणभर घेते. मीटर १५४ वर पडला, इन्व्हर्टर 'ट्टक' बोलला, आणि समोर पीसीचा स्क्रीन गेला.

भाऊजींचा पहिला प्रश्न बरोबर होता: "मग गेम नसताना काऊन जात नाही?" तेही करून बघितलं. गेम बंद ठेवून नुसता व्हिडिओ लावला. चक्की सुरू झाली, इन्व्हर्टर टकटकला, पीसीला काही नाही.

उत्तर पॉवर सप्लायच्या पोटात आहे. लाईन अडली की आतला कपॅसिटर थोडा वेळ साठवलेल्यावर मशीन ओढून नेतो. चांगल्या सप्लायने पूर्ण ओझ्यावरही साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते. म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या लाईनच्या एका फेऱ्याहूनही (२० मिलिसेकंद) थोडा कमी. स्वस्तातला त्याहून कमी धरतो. आणि साठा तेवढाच असला तरी व्हिडिओ बघताना मशीन साठ-सत्तर वॅट खातं आणि गेममध्ये अडीचशेच्या घरात. व्हिडिओला जो साठा जितका वेळ पुरतो, गेमला तो त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा वेळ पुरतो. त्यात व्होल्टेज आधीच पडलेलं. इन्व्हर्टर लाईनवरून बॅटरीवर उडी मारतो तेवढ्या वेळात डबा मरतो, आणि मागून बॅटरीची वीज आली की उठतो. हाच पीसी तालुक्याच्या दुकानात, डीपीच्या शेजारी, दहा तास गेम चालवला असता तरी गेला नसता.

बहुतेक घरगुती इन्व्हर्टरवर मागे किंवा समोर एक छोटा स्विच असतो: यूपीएस आणि नॉर्मल. आमचा नॉर्मलवर होता. यूपीएसवर केला तर उडी पटकन मारतो, पीसी टिकतो. केला. त्या रात्री गेम एकदाही बंद पडला नाही आणि भाचा खूश. पण यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर कमी व्होल्टेज खपवून घेत नाही, साधारण १८० च्या खाली गेलं की सरळ बॅटरीवर जातो. आमच्याकडे संध्याकाळभर १८० च्या खालीच. दहा वाजता बॅटरी संपली, साडेदहाला लाईन गेली, आणि रात्री सगळं घर उकाड्यात जागं. सकाळी तो स्विच परत नॉर्मलवर गेला, कोणी केला ते मी विचारलं नाही. तुमच्याकडे व्होल्टेज दोनशेच्या वर राहत असेल तर मात्र हा स्विच हेच पूर्ण उत्तर आहे, पैसा लागत नाही.

दुसरा फुकटचा उपाय कार्डाचं ओझं कमी करण्याचा. एमएसआय आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली आणि ड्रायव्हरमधून फ्रेम (गेमची चित्रं) सेकंदाला ६० वर बांधल्या. मॉनिटरच ६० हर्ट्झचा आहे, त्याच्या वरच्या फ्रेम कोणाला दिसत होत्या? वहीतल्या नोंदी रोज तीन-चार होत्या त्या आठवड्यात दोनवर आल्या, आणि कार्डही सात-आठ अंशांनी थंड पडलं. खिशात पैसे नसतील तर इथेच थांबा, वाईट नाही.

आमच्याकडे शेवटी दोन वस्तू घेतल्या. एक, नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा, ब्रॉन्झ दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा) पॉवर सप्लाय. दोन, पीसीपुरता वेगळा १ केव्हीएचा लाईन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस. हा शब्द दुकानात विचारून घ्या. असा यूपीएस पडलेलं व्होल्टेज बॅटरी न वापरता आतल्या आत उचलतो. ६०० व्हीएवाला घेऊ नका, त्यावर खरे वॅट ३६० च्या आसपासच मिळतात, मॉनिटर धरून जागा उरत नाही. त्याची लाईन इन्व्हर्टरच्या मागून नाही, आधीच्या बोर्डातून घेतली. एकाच्या पाठीवर दुसरा बसवला की दोघं रात्रभर टकटकत बसतात. जोडल्यावर गेम चालू ठेवून यूपीएसचा प्लग मुद्दाम उपटला. पीसी हलला नाही. ही परीक्षा दुकानदारासमोर करून घेता आली तर उत्तम, कारण काही स्वस्त यूपीएसांची बॅटरीवरची वीज नव्या पद्धतीच्या पॉवर सप्लायला मानवत नाही.

साधा स्टॅबिलायझर सुचवणारे भेटतील. फ्रिजला ठीक आहे. तोही रिलेनेच टप्पे बदलतो आणि प्रत्येक टप्प्याला क्षणभर लाईन तुटते, म्हणजे आपलं दुखणं तसंच.

हे करताना एक जुनी गोष्ट उघडी पडली. अनवाणी उभं राहून डब्याला हात लावला की मुंग्या यायच्या, घरात सगळ्यांना ते नेहमीचंच वाटायचं. बोर्डातली तिसरी पिन रिकामी होती, अर्थिंगची वायर कुठे पोचतच नव्हती. त्याने गेम बंद पडत नाही, पण स्पाइक-बस्टरचा उपयोग बराच कमी होतो आणि एखाद्या दिवशी मुंग्यांवर भागत नाही. वायरमनकडून मागच्या बाजूला नवा खड्डा करून घेतला, कोळसा-मीठ घालून. उन्हाळाभर आठवड्याला एक बादली पाणी त्यात ओतायचं काम भाच्याकडे.

मे महिन्याचा हिशोब सोपा आहे. खोली जितक्या अंशांनी तापते, जवळपास तितकाच प्रोसेसर वर चढतो. थंडीत २० अंशांच्या खोलीत जो ७० ला खेळतो तो ४२ च्या खोलीत नव्वदी ओलांडतो, मशीनमध्ये काही न बिघडता. कूलरने खोली थंड करा, पण कूलरचं तोंड डब्याकडे नको. ताट्यांमधून पाण्याचे थेंब येतात आणि त्यातला क्षार बोर्डावर बसतो. मिरगाच्या सुमारास गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागणार नाही. प्लग काढा आणि इंटरनेटची वायर असेल तर तीही.

वही अजून चालू आहे. नवीन सामान बसल्यापासून तीन आठवड्यांत एकच नोंद: "८.१५. बंद. उठला नाही." मी फोनवर तासभर एकेक गोष्ट विचारली, जाळी, वायर, यूपीएसचा दिवा. दिवाच लागत नव्हता. शेवटी त्याने बोर्डाकडे पाहिलं. आजीने मोबाइल चार्जिंगला लावायला यूपीएसची पिन काढून ठेवली होती, आणि यूपीएस केव्हाचा ओरडत होता ते भाच्याला हेडफोनमुळे ऐकूच आलं नाही.